पायाखालचा पाट

॥ ॐ नमः शिवाय ॥
नायगाव,
९ जानेवारी २०२५

ती. स्व. अक्का हिस,
मन्मथचा सा. न. वि. वि.

इकडं सगळे खुशाल. लिहायला शिकायचं असंल तर फोनवर रडू नको, कागदावर लिही, असं तू म्हणालीस म्हणून हे पत्र. लातूरच्या कॉलेजात तू बत्तीस वर्षं मराठी शिकवलीस. सख्ख्या भावाला तेवढं शिकवायचं राहिलं.

तुला ठाऊकच हाय, एकोणीस वर्षं झाली मी आयटीआयच्या फिटर वर्कशॉपात पोरांना लोखंड घासायची कानस धरायला शिकवून राहिलो. आता वरून हुकूम आला की शिकवणाऱ्यांनी पण अभ्यास करायचा आणि एक रिपोर्ट लिहायचा. मुदत ३१ मार्च. नापास झालो तर जूनपासून वर्कशॉप सुटलं, स्टोअरच्या खोलीत बसून नट-बोल्ट वाटायचे. हे सगळं आम्हाला शिकवायला राजशेखर सर म्हणून आलेत. त्या माणसानं जन्मात कानस धरली नसंल. दोन दिवस पडद्यावर अक्षरं दाखवली आणि सांगितलं की शब्द वजनदार पाहिजेत, पानं चाळीस पाहिजेत. विषय पण त्यांचाच, ‘कौशल्य शिक्षण : आव्हाने व संधी’. माझ्यापुढं आव्हान एकच हाय, ते म्हणजे सर. सुरुवातीचा परिच्छेद जोडलाय, बघ.

काल एका पोरानं मागच्या वर्षीचा जॉब, म्हणजे घासून सपाट केलेला लोखंडाचा तुकडा, आणून दिला. जुना नंबर घासून काढलेला, वर स्वतःचा ठोकलेला. ह्यांना वाटतं मास्तर आंधळा! अगं, घासलं तिथं खोलगा पडतो, वर काटकोनी गुण्या ठेवला की खालून उजेड दिसतो. छिन्नीनं फुली मारून दिली. आता कुणी पुन्हा तो जॉब घेऊन यायचा न्हाई.

पोरांना आशीर्वाद. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नको.
तुझा,
मन्मथ


लातूर,
१७ जानेवारी २०२५

चि. मन्मथ यास,
अ. उ. आ.

पत्र लाल शाईने तपासून परत पाठवत आहे. खुणा मोजू नकोस, जेवण जाणार नाही. तुझा परिच्छेद वाचता वाचता माझा चहा गार झाला. ‘आजच्या स्पर्धेच्या युगात सर्वांगीण विकासाच्या दृष्टिकोनातून कौशल्यास अनन्यसाधारण महत्त्व आहे.’ अरे, हेच वाक्य बत्तीस वर्षं उत्तरपत्रिकांत वाचून माझे केस पिकले. निवृत्त झाले तेव्हा वाटलं, सुटले. तर ते नायगावहून पोस्टाने घरी आलं. ह्या वाक्यात तू कुठे आहेस ते मला दाखव. लहानपणी गाईवर निबंध लिहायला सांगितला तर तू बैलावर लिहून मोकळा व्हायचास. तेव्हा निदान बैल तरी दिसायचा!

आता ऐक. एक वही कर. जे वाचशील ते कुणाचं, कुठल्या पानावरचं, हे आधी लिही. जे डोळ्यांनी पाहशील त्याला तारीख टाक. दुसऱ्याचं ते दुसऱ्याच्या नावाने. तुझ्या राजशेखर सरांना भेटण्याची मला इच्छा नाही. त्यांचे शब्द भेटले तेवढे पुरेत.

घरी सगळ्यांना आशीर्वाद. राग आला तरी लिहीत जा.
तुझी,
अक्का


नायगाव,
२० फेब्रुवारी २०२५

ती. स्व. अक्का हिस,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, खवळू नको. वर्कशॉपात मोठी जिकीर होती. यंदा फिटरला पुनम नावाची पोरगी आलीय, उमरीहून बसनं येती. अंगानं बुटकी. तिचा जॉब रोज मधोमध फुगीर. हे पोरीचं काम न्हाई म्हणून सगळे तिला हसून राहिले, आणि ती नाव काढून घ्यायला निघाली. आठ दिवस मी तिच्या मागं उभा राहून नुसतं बघितलं. लोखंड धरायचा व्हाईस तिच्या कोपराच्या वर यायचा, म्हणून कानस हातात डुलायची. घरचा जेवायचा पाट नेऊन तिच्या पायाखाली ठेवला. चौथ्या दिवशी जॉब सपाट! मग बाकीच्या बुटक्यांना पण पाट दिले, सगळे मिळून नऊ जण. तू म्हणालीस म्हणून वहीत तारखा टाकल्या. असो, हे आपलं उशिराचं कारण.

रिपोर्ट झाला, अडतीस पानं. सोबत जोडलाय. आमच्या भुजंग मास्तरनं पण थोडी मदत केली. सरांना लई आवडंल.

भाचरांना आशीर्वाद. तुझा हात डोक्यावर असू दे.
तुझा,
मन्मथ


लातूर,
५ मार्च २०२५

चि. मन्मथ यास,
अ. उ. आ.

रिपोर्ट वाचला. सहा पानं तू आहेस, सातव्या पानावर एकाएकी विद्वान झालास. बाराव्या पानावर ‘आमच्या किनारपट्टीच्या जिल्ह्यातील विद्यार्थी’ आले. नायगावला समुद्र कधी आला रे? मला कळवलं नाहीस, पोहायला आले असते. भुजंगने कुणाचा रिपोर्ट तुझ्या हातात दिला ते त्यालाच ठाऊक. तू नाव घासलंस आणि स्वतःचं ठोकलंस. गुण्या ठेवायचीही गरज नाही, खालून लख्ख उजेड दिसतो आहे. पोराच्या जॉबवर फुली मारणारा तूच ना? मला तुझी लाज वाटली, मन्मथ.

लिहिणं तुझ्यात नाही, हे मी तू दहावीत असतानाच ओळखलं होतं. मुदतीला आता चार आठवडेही नाहीत, म्हणून मीच वीस पानं लिहून पाठवते आहे. तुझ्या सरांनी सात जन्म घेतले तरी असं लिहून व्हायचं नाही. खाली सही कर आणि दे. आणि पत्रात पाटाबिटाच्या गोष्टी लिहून कागद नासू नकोस. त्या एका परिच्छेदात सात चुका आहेत, लाल केल्या आहेत.

तब्येतीला जप. तुझं चांगलं व्हावं एवढंच मनात आहे.
तुझी,
अक्का


नायगाव,
२४ मार्च २०२५

ती. स्व. अक्का हिस,
नमस्कार.

तुझी वीस पानं दोनदा वाचली. भाषा अशी की डोळे दिपले. पण त्यात पुनम न्हाई, पाट न्हाई, अख्ख्या वीस पानांत कानससुद्धा न्हाई. आव्हानं हायत आणि संधी हायत. वीसच्या वीस पानं एकावर एक ठेवली, छिन्नी धरली आणि आरपार फुली मारली. परत पाठवून राहिलो. भुजंगचे कागद पण तसेच फुली मारून त्याच्या टेबलावर टाकले. तू म्हणालीस ते खरं, मला माझीच लाज वाटली. पण तिसऱ्याचं नाव घासून माझं ठोकलं तर चोरी, आणि तुझं घासून ठोकलं तर सही कर अन् दे! हे कुठल्या कॉलेजात शिकवत होतीस?

दहावीचं तूच काढलंस, म्हणून लिहितो. मी मराठीत नापास झालो, तेव्हा तू आप्पांना म्हणालीस की ह्याला लोखंड घासायला पाठवा, ह्याच्या डोक्यात दुसरं काही शिरायचं न्हाई. मी दाराआड होतो. तीस वर्षं झाली, अजून ते कानात हाय. त्या दिवशी मी जेवलो न्हाई, आणि का ते कुणी विचारलं न्हाई. लोखंड घासायला पण डोकं लागतं, अक्का.

मी माझी अकरा पानं लिहिली. पाट आणि ती नऊ पोरं, बस. परवा नेऊन दिली. सरांनी आधी पानं मोजली, मग हसले, एवढ्यावर कोण पास करतंय म्हणाले. मी म्हणालो की मग स्टोअरात बसंन. एक प्रत सोबत हाय. लाल शाई उरली असंल तर वापर.

लोभ ठेवायचा का न्हाई ते तू ठरव.
मन्मथ


लातूर,
८ एप्रिल २०२५

चि. मन्मथ यास,
अ. उ. आ.

फुली मारलेले कागद मिळाले. इतका संताप आला की दोन दिवस तुझं पाकीट पालथं घालून ठेवलं. जन्मभर मी दुसऱ्यांच्या कागदांवर लाल केलं, माझ्या कागदाला कुणी हात लावला नव्हता.

तिसऱ्या दिवशी लाल पेन उघडून तुझी अकरा पानं घेतली. चौथ्या पानावर ध्यानात आलं की पेन हातातच वाळलं आहे. नऊ पोरांच्या कोपराची उंची, व्हाईसची उंची, पाटाआधीचा जॉब आणि नंतरचा. शब्द तुझेच, गावठी आणि सरळ. कुठूनही उजेड नाही. हेच तू फेब्रुवारीत पत्रात लिहिलं होतंस, आणि मी त्यात सात चुका काढल्या. शिकवणारी म्हणून मी नापास झाले.

आप्पांना मी तसं म्हणाले होते. तू ऐकलंस हे ठाऊक नव्हतं, पण ठाऊक असतं तरी तेव्हा म्हणालेच असते, एवढा ताठा होता मला. चुकले, मन्मथ. हे वाक्य लिहायला चार कागद फाडले.

आता एक कर. एक लोखंडाचा तुकडा आणि एक कानस पाठव. आमच्या गल्लीतल्या शंकरप्पाच्या दुकानात व्हाईस आहे, तिथे घासते. एवढं काय असतं तुमच्या त्या कामात, ते मला बघायचं आहे. हसलास तर याद राख.

निकाल लागला की आधी मला कळव. रोज पोस्टमनची वाट बघते आहे.
तुझी,
अक्का


॥ ॐ नमः शिवाय ॥
नायगाव,
२६ मे २०२५

ती. स्व. अक्का हिस,
मन्मथचा सा. न. वि. वि.

पास झालो! पन्नास लागत होते, एक्कावन्न पडले. सरांनी शेरा मारलाय : ‘पाने अपुरी, भाषा साधी.’ त्यांना वाटतं त्यांनी मला शिवी दिली. जूनपासून वर्कशॉप माझंच. घरात गोड केलं होतं, तुझ्या नावानं एक वाटी जास्तीची खाल्ली.

तुझा जॉब पार्सलनं आला. तीन आठवडे स्वतः घासला म्हणतीस, ते पटलं. शंकरप्पानं हात लावला असता तर इतका वाईट झाला नसता. गुण्या ठेवून बघितला. दोन्ही कडांना उजेड, मधोमध फुगीर. नियम तो नियम, फुली मारून परत पाठवून राहिलो. सोबत कोरा तुकडा हाय.

मनाला लावून घेऊ नको. दोष तुझा न्हाई. शंकरप्पा ताडमाड, त्यानं व्हाईस आपल्या उंचीचा बसवलेला, आणि आपल्या घरात सगळ्यांत बुटकी तू. पार्सलात तळाशी पाट हाय, पुनमच्या पायाखालचाच. तिला मी नवा करून दिला. त्याच्यावर उभी राहा, आणि पुन्हा घास.

तुझा,
मन्मथ