तुझ्या अहोंनी पृथ्वीची फट बुजवली

सौ. मावशीला साष्टांग नमस्कार. (रागात घातलाय, पण कपाळ खरंच जमिनीला टेकवून घातलाय.) तुझी कंबर कशी आहे? ताईचं बाळ तिला झोपू देतंय का? ताई बरी असेलच, तू आहेस म्हटल्यावर तिला आजारी पडायची परवानगी कुठली! इकडे मी धडधाकट आहे, तुझे अहोही धडधाकट आहेत, फक्त आम्ही चार दिवस एकमेकांशी बोलत नाही. फोन सोडून पत्र का, तर तू फोन स्पीकरवर ठेवून भांडी घासतेस आणि तुझ्या जावईबापूंना इकडचं सगळं कळतं. म्हणून कुरिअर.

तू आमच्या विज्ञान संग्रहालयात आजवर पाऊल ठेवलेलं नाहीस (नवरा एकतीस वर्षं तिथला सुतार, भाचा दीड वर्ष तिथला मदतनीस, पण तुला गर्दी आवडत नाही), म्हणून आधी टेबल समजावून सांगतो. पृथ्वीचं वरचं कवच अखंड नाही. तडकलेलं आहे. त्याचे तुकडे नखं वाढतात त्या वेगाने सरकत असतात, आणि जी काही मजा आहे ती त्यांच्या कडांवर. हे दाखवायला आमच्याकडे चार फळ्यांचं टेबल आहे, म्हणजे मध्ये तीन फटी. पहिल्या फटीशी फळ्या एकमेकींपासून लांब जातात आणि मधून लाल कापड वर येतं. तो खालचा वितळलेला खडक. समुद्राच्या तळाशी अशीच नवी जमीन तयार होते, लांबच लांब डोंगररांग उठते. दुसऱ्या फटीशी एक फळी दुसरीच्या खाली घुसते, तिथे खोल खंदक पडतो आणि जरा मागे ज्वालामुखींची ओळ उभी राहते. (दोन्ही तुकडे जाडजूड असले आणि खाली जायला कुणीच तयार नसलं, की दोघांना घड्या पडून पर्वत होतो. तू आणि तुझी मोठी जाऊ आठव.) तिसऱ्या फटीशी फळ्या नुसत्या शेजारून घासत जातात. तिथे नवीन काही होत नाही, जुनं काही जात नाही, फक्त वर रंगवलेला ओढा मध्येच तुटतो आणि त्याचा उरलेला भाग हातभर पलीकडे सापडतो. पण या फळ्या सुखासुखी घासत नाहीत. अडकतात. वर्षानुवर्षं अडकून राहतात, जोर साठत राहतो, आणि एक दिवस खाडकन सुटतात. तो भूकंप.

टेबलाची मोटर मागच्या वर्षी जळाली. अर्ज गेलेला आहे. तोवर पृथ्वीचं अंतरंग म्हणजे मी. (बीएस्सी भूशास्त्र, पहिला वर्ग!) टेबलाखाली बुटक्या स्टुलावर बसून हँडल फिरवतो. वर माइकवाली मुलगी "आता पाहा, कोट्यवधी वर्षं लोटली" म्हणते, की मी अर्धा फेरा देतो. वरचं मला काही दिसत नाही. आजवर मी एकही पर्वत पाहिलेला नाही, सगळे मीच केलेत.

तर मंगळवारी तपासणी समिती येणार होती. त्याआधी सगळीकडे डागडुजी काढली होती. शुक्रवार ते सोमवार मी रजेवर. तुझे अहो कानावर पेन्सिल लावून टेबलाशी आले आणि त्यांना दिसल्या तीन फटी. एकतीस वर्षांची सुतारकी! या गृहस्थांनी तीनही फटींत पुट्टी भरली, सरस ओतला, पॉलिश पेपरने घासून घासून वर दोन हात वॉर्निश मारलं. शिपाई सांगतो, काका समाधानाने बोट फिरवून म्हणत होते, "बघ, सांधा कळतोय का?"

कसा कळेल! मंगळवारी मी उशिरा पोचलो, थेट टेबलाखाली घुसलो. वर समितीचे पाच जण, मोठे साहेब, आणि टेबलावरच मांडलेला चहा. माइकवाली म्हणाली, "कोट्यवधी वर्षं लोटली." मी हँडल फिरवलं. काही हललं नाही. माइकवालीने आणखी काही कोटी वर्षं लोटली. मी दोन्ही हातांनी फिरवलं. वरून साहेबांचा दबका आवाज आला, "अरे, झोपलास का?" मग मी पाठ जमिनीला टेकवली, दोन्ही पाय हँडलवर लावले आणि जीव खाऊन रेटलं. आधी करकर असा आवाज आला. मग धडाम! तिसरी फट एका झटक्यात सुटली, ओढा तुटला, पाच कप उडाले, चहा साहेबांच्या मांडीवर आणि त्यांचा चष्मा थेट सुटलेल्या फटीत. आणि माइकवाली (तिला नोकरीत बढती दिली पाहिजे) माइकवर शांतपणे म्हणाली, "आणि हा भूकंप."

समितीने टाळ्या वाजवल्या. दीड वर्षात पहिल्यांदा या टेबलाने खरं काहीतरी दाखवलं! पण साहेबांचा पायजमा... असो. साहेब ओरडले, "लेखी खुलासा पाहिजे. आणि मला एक नाव पाहिजे, एक! त्याच्या फाइलवर लाल शेरा!"

संध्याकाळी घरी मी काकांवर तोंडसुख घेतलं. हो, घेतलं. "काका, पृथ्वीची फट कुणी बुजवतं का?"

"फट दिसली की बुजवायची. नाहीतर सुतार कशाला ठेवलाय?"

"अहो, पण आधी कुणाला तरी विचारायचं!"

यावर त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि पेन्सिलीला टोक काढायला लागले. तेव्हापासून बोलणं बंद. आणि बुधवारी सकाळी या माणसाने, निवृत्तीला दोन महिने राहिलेले असताना, एकतीस वर्षांची कोरी फाइल असताना, साहेबांना कागद दिला, "चूक माझी एकट्याची." ऑफिसात सगळे मला म्हणतात, सुटलास लेका. मला इतका संताप आलाय, मावशी, की विचारू नकोस. कोणी सांगितलं होतं यांना?

बाळाला पापा. ताईला नमस्कार.
तुझा,
भाचा

ता. क. एक राहिलं. शुक्रवारी काकांनी मला फोन केला होता. मी सिनेमाला होतो. त्यांनी विचारलं, "टेबलाच्या फटी बुजवू का रे?" मी म्हणालो, "बुजवा, बुजवा, सगळ्या बुजवा," आणि फोन ठेवला. त्यांनी हे कोणालाच सांगितलं नाही. भांडताना मलासुद्धा नाही.

दुसरा ता. क. म्हणून गुरुवारी मीही कागद दिला, की चूक माझी एकट्याची. काल साहेबांनी बोलावलं. "एका फटीला दोन गुन्हेगार? येत्या शुक्रवारपर्यंत एकाने कागद मागे घ्या." काका घेत नाहीत. ते ऐकतात फक्त तुझं. त्यांना फोन कर आणि दम दे. हे सगळं पत्र एवढ्यासाठीच होतं.

तिसरा ता. क. पाकीट चिकटवत होतो, तर काका चहा घेऊन दारात आले. चार दिवसांनी पहिल्यांदा बोलले. म्हणाले, "मावशीला लिहितोयस ना? लिही, मी मागे घेणार नाही म्हणून. आणि काल साहेबांच्या खणाचं कुलूप दुरुस्त करायला गेलो होतो. तुझा कागद तिथेच होता. आणला आणि फाडला." मी म्हणालो, दुसरा लिहितो. ते म्हणाले, "लिही. कुलूप मीच बसवलंय." मी दुसरा लिहायला घेतलाय, ते समोर बसून राहिलेत. मावशी, फोनने भागणार नाही. ये.