‘भ’ शिक्क्याचे हूक

मानपाडा रोड, डोंबिवली (पूर्व)
१२ जानेवारी २०२५

ती. मंजुळाताईस,
धम्मपालचा सप्रेम जयभीम. वि. वि.

फोनवर तुला माझं बोलणं ऐकू येत नाही आणि मोबाइलवर लिहायला माझी बोटं जाडी, म्हणून वैशालीच्या हातून पत्र पाठवतोय. तिचं ऑफिस तुमच्या माजिवड्यापासून जवळच आहे. तुझी भाची वाटेत पत्र फोडणार नाही, पण तुझ्याकडचे चकलीचे डबे नक्की फोडेल.

ताई, मी थकलो. कारखाना बंद करायचं म्हणतोय. छातीत स्टेंट बसवल्यापासून डॉक्टरांनी भट्टीजवळ उभं राहायला मनाई केली आहे, आणि भट्टीपासून लांब राहून क्रेनचे हूक कसे घडवायचे ते मला कोणी शिकवलेलं नाही. वैशालीला विचारलं. ती म्हणाली, बाबा, मला काम येतं, पण आवडत नाही. आज हो म्हटलं तर उद्या तुमच्यावरच चिडेन. मला राग आला नाही. अण्णांनी मला कधी विचारलंच नव्हतं, एवढं मात्र आठवलं.

शहाडला हरिहरशेठ म्हणून हुकांचे व्यापारी आहेत. गाळा, हॅमर, साचे, सगळं घ्यायला तयार आहेत. त्यांना खरा हवाय तो हुकावर उठणारा आपला ‘भ’चा शिक्का. क्रेनवाले, चेनपुलीवाले ते अक्षर बघून डोळे मिटून माल उचलतात. गाळा अण्णांनी आपल्या दोघांच्या नावावर केलेला, त्यामुळे तुझी सही लागेल. काय ते कळव. भावजींच्या गुडघ्याला आराम आहे ना?

तुझा धाकटा,
धम्मपाल


माजिवडा, ठाणे
१९ जानेवारी २०२५

चि. धम्मपाल यास,
मंजुळाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र मिळालं. चकल्यासुद्धा संपल्या. ह्यांचा गुडघा ठीक आहे, तोंड त्याहून ठीक आहे.

तू विचारलंस म्हणून स्पष्ट लिहिते. वीक आणि मोकळा हो. शिक्काही देऊन टाक. लोखंडावरचं एक अक्षर ते, त्यासाठी किती माणसं झिजवायची?

अण्णांच्या सचोटीचं कौतुक मी शाळेत मुलांना सांगायचे, सभांमधून ऐकायचे. पण ती भट्टी आपल्या घराच्या मागच्या दारी होती, हे तिथे कोणी सांगत नसे. एखाद्या हुकाला केसाएवढी चीर दिसली की अण्णा अख्खा घाणा पुन्हा भट्टीत टाकत आणि आई पुन्हा धुरात बसून कोळसा ओढी. तत्त्वं अण्णांची होती, खोकला आईचा. ती गेली तेव्हा तू लहान होतास. आता तुझ्या छातीत तार घातली आहे. त्या कारखान्यापायी घरातलं आणखी एक माणूस द्यायची माझी तयारी नाही.

सहीसाठी कधी येऊ ते कळव. भात कमी खा. वहिनीला विचारल्याचं सांग.

तुझी ताई


डोंबिवली
२ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

हे वाचून तू चिडशील. तरी शेवटपर्यंत वाच.

मी शहाडला गेलेलो. हरिहरशेठनी चहा पाजला, नीट बसवलं. उठता उठता विचारलं, की प्रत्येक हूक दुप्पट वजन टांगून बघणार ना? ते हसले. म्हणाले, भाऊ, शंभरातला एक बघू, बाकीचे त्याचेच भाऊ. सगळा बाजार असाच चालतो. माणूस वाईट नाही, खरं तेच बोलला. मी सांगितलं, साचे घ्या, अक्षर मिळणार नाही. मग त्यांनी साचेही नको म्हटलं. व्यवहार मोडला.

रिक्षात बसून स्वतःलाच शिव्या घातल्या. पण सीतारामकाका डोळ्यांपुढून हलेनात. अण्णा कुर्ल्याच्या कारखान्यात होते तेव्हा हूक उघडून वजन अंगावर पडलं आणि जे गेले, ते काका. तुला आठवत असतील, मी फक्त ऐकलंय. मालक म्हणाला, त्याचं नशीब. अण्णांनी दुसऱ्या दिवशी नोकरी सोडली आणि मागच्या दारी भट्टी लावली.

आईचं तू लिहिलंस, ते खरंच आहे. फक्त ‘भ’च्या भरवशावर उद्या कोणी खाली उभा राहील आणि तो हूक कोणी बघितलेलाच नसेल, हे मला झोपू देणार नाही.

कारखाना मात्र बंदच करतोय. शाळेचे बाक बनवणारे महेंद्र कांबळे गाळा भाड्याने मागतायत. आपला दौलत आणि बाकीच्या तिघा कामगारांना ते ठेवून घेणार आहेत, ते मी आधी कबूल करून घेतलं. पैसे कमीच येतील. हातातली ऑर्डर पुरी झाली की साच्यातला शिक्का घासून टाकणार, पंधरा तारखेला. रागावलीस तरी पत्र लिही.

तुझा,
धम्मपाल


माजिवडा, ठाणे
१७ फेब्रुवारी २०२५

प्रिय धम्मपाल,
आशीर्वाद. वि. वि.

रागावले होते. म्हणूनच उत्तर लिहिलं नाही. शनिवारी न कळवता वैशालीला घेऊन आले ती भांडायलाच आले होते, हे आता सांगते.

आत पाऊल टाकलं तर हॅमर चालू होता आणि मला काहीच ऐकू येत नव्हतं. पायाखालची जमीन तेवढी हलत होती. लहानपणी आपण त्या धक्क्यावर झोपायचो. मग दौलतने शेवटच्या लॉटमधला हूक टांगला, वजन वाढवत नेलं आणि दुप्पट व्हायच्या आतच तो डोळ्यांदेखत हळूहळू उघडला. मी मागे सरले. तुम्ही दोघं जागचे हलला नाहीत. दौलतने तो काढून बाजूला ठेवला आणि दुसरा टांगला, जसं काही घडलंच नव्हतं.

त्या हुकाकडे बघताना मला सीतारामकाका आठवले. मला पेरू देणारे, चेहऱ्यासकट. आईही आठवली. दोघांत कोणाचं पारडं जड, ते मला अजून ठरवता येत नाही. यापुढे ठरवायला जाणारही नाही.

तू शिक्का घासायला बसलास तेव्हा साचा मी धरला. तू वर बघितलं नाहीस, ते बरं केलंस. महेंद्रांच्या भाडेकरारावर सही करून सोबत पाठवते आहे. माझ्या वाट्याचं भाडं वहिनीच्या हाती जाईल. तुझ्या हाती दिलं तर तू त्याचेच बाक घेऊन शाळांना वाटून टाकशील.

येत्या सोमवारी सकाळी सवयीने उठून गाळ्यावर जाऊ नकोस, इकडे ये. बाल्कनीत खाट टाकली आहे. जेव आणि झोप. ह्यांना बजावलं आहे, कोणी उठवायचं नाही.

माया आहे ती आहेच, तू तब्येत सांभाळ.

तुझी,
मंजुळाताई