वाटेवरचं खोड

३ मे
आत्या गेली, आणि रीतीप्रमाणे दरी बंद झाली. राखणदार गेला की वर्षभर आत कुणी पाऊल टाकायचं नाही — आम्ही घरच्यांनीसुद्धा नाही. काकांनीच वाटेवर खोड आडवं टाकलं. आता राखणीचा मान त्यांचा.

बेडूकबाई भेटायला आल्या. चार वर्षं आत्याच्या मागेमागे दरी तुडवून यांनी बेडकांचा अभ्यास केला. आणि आज डोळे पुसता पुसता काकांना विचारतात काय, तर "बंद नेमकं कधीपर्यंत?" शी! आत्याची खाट अजून अंगणात आहे, आणि यांना घाई. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं!

६ मे
बेडूकबाईंच्या संस्थेच्या ऑफिसात बैठक. मोठ्या साहेबांनी बिस्किटं पुढे केली. म्हणाले, मदत देणारे पाहुणे येताहेत, एक दिवस दरी उघडा. नाहीतर प्रकल्पच गुंडाळावा लागेल. काका संस्थेचं नवं जाकीट घालून बसले होते — या उकाड्यात! घाम गळतोय, पण चेन गळ्यापर्यंत. बेडूकबाई कोपऱ्यात नखं खात. यांना तर आयतंच मिळतंय.

७ मे
काका हो म्हणाले. कुंपणानंच शेत खाल्लं. थू!

११ मे
पाहुणे आले. खोड काकांनीच बाजूला ओढलं, जाकीट घालून. अत्तराचा वास असा की मी ओढणी नाकाला लावली. तळ्याकाठी ज्या दगडावर आत्या पाय सोडून बसायची, तिथे एकेकानं बसून फोटो काढले. एकीनं तोंड पुसलेला टिश्यू पाण्यातच टाकला. साहेब हसत होते, काका त्यांच्याहून मोठ्यानं.

आणि मी? पाण्याच्या बाटल्यांची पिशवी माझ्याच खांद्यावर होती. काकांनी उचल म्हटलं, मी उचलली. घरी येऊन दोनदा आंघोळ केली तरी तो वास जात नाही. स्वतःचीच शिसारी आली आहे.

बेडूकबाई कुठे दिसल्या नाहीत. ऐन वेळी बरं अंग काढून घेतलं!

१३ मे
बाईंना कामावरून काढलं. परवा सकाळी ऑफिसात, पाहुण्यांसोबत जायला साहेबांना सगळ्यांदेखत नाही म्हणाल्या होत्या — "दरी बंद म्हणजे मलाही बंद."

दुपारी मी दरीकडे गेले. खोड तसंच बाजूला पडलेलं. बाई एकट्याच ते परत आडवं ओढत होत्या, तळहात सोललेले. मी दुसरं टोक धरलं.