जयाक्काचं नाव मणीच्या नावावर

तिरुवैयारु, १२ जुलै २०२५

चि. अनिरुद्धरावास,
अक्काचे अ. उ. आ.

इकडे सर्व क्षेम. फोनवर तू नुसता हुंकार देतोस, म्हणून कागदावर गाठते आहे. आपलं ‘जयाक्का डांगर पीठ’ दुबईत खपतं, पण नाव तिथं नोंदवलेलं नाही. आपली वकील विनुता सांगते की चेन्नईची नोंदणी समुद्रापलीकडे चालत नाही. तिथं जो आधी अर्ज करील त्याचं नाव. भागीदार म्हणून तुझी सही हवी. तीस वर्षं सरकारी कचेरीत परक्यांच्या कागदांवर सह्या केल्यास, एक बहिणीच्या कागदावर कर. डब्यावर माझं नाव आहे, माझा चेहरा आहे. मला काळजी वाटते.

लोभ आहेच, सहीही असावी.
जयलक्ष्मी

तंजावूर, १८ जुलै

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

कागद तपासले. दोन स्वल्पविराम चुकले आहेत, वकीलबाईंना कळवावं. कालपासून आडी महिना लागला. आडीत आपल्या घरी कुणी नवी केरसुणीही आणत नाही आणि तू दुबईवर स्वारीला निघालीस. महिनाभर थांब, आडी सरून आवणी महिना लागला की पहिल्या मुहूर्ताला सही करतो. तिथला घाऊक व्यापारी मणी तुला अक्का म्हणतो, दिवाळीला खजूर धाडतो. तो असताना भीती कसली?

राग नसावा, थोडी डांगर पच्चडी पाठवावी.
अनिरुद्ध

तिरुवैयारु, २६ सप्टेंबर

चि. अनिरुद्धरावास आ.

तुझी सही मुहूर्तावर फारच सुबक झाली. अर्ज मात्र अडला. चार ऑगस्टला, भर आडीत, मणीनं माझ्या नावाचा अर्ज स्वतःसाठी टाकला होता. त्याला महिना बाधला नाही. आता लिहितो, पिठाची कृती द्या, नाव परत देतो. नाहीतर त्याच्या परवानगीनं पीठ पाठवत राहा. म्हणजे मी जयाक्का आहे की नाही, हे यापुढे मणी ठरवणार. विनुता म्हणते, हरकत घेता येईल, पण त्यात वर्षं जातील. खरं सांगते, मी रडले. बावीस वर्षं त्या नावासाठी उडीद भाजले.

तुझे स्वल्पविराम सुरक्षित आहेत.
जयलक्ष्मी

तंजावूर, १ ऑक्टोबर

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

चूक माझी. कृती देऊन टाक आणि नाव घे. माझ्यामुळे तुझं नाव गेलं, हे मला सोसणार नाही.

लोभ मागायला तोंड नाही.
अनिरुद्ध

तिरुवैयारु, ९ ऑक्टोबर

चि. अनिरुद्धरावास अ. उ. आ.

कृती आईची आहे, ती मिळणार नाही. नाव मणीला लखलाभ. कालपासून त्याचं पीठ बंद केलं. माझा चेहरा छापलेले पाच हजार रिकामे डबे त्यानं करून घेतलेत म्हणे; त्यात काय भरायचं ते त्यानं बघावं. नव्या डब्यावर आईचं नाव घातलं, ‘राजम’. दुबईचा अर्ज विनुतानं सोमवारी टाकला, पंचांग न उघडता.

तुझी सही लागली नाही, कारण भागीदारीतून तुला काढलं आहे. भावाच्या नात्यातूनही काढता येतं का, असं विनुताला विचारलं. तसा कायदा नाही म्हणाली. तेव्हा रविवारी जेवायला ये.

अक्का