उघड्या टपाची गाडी घेण्यापूर्वी

३ मार्च
निर्णय पक्का. गाडी घेणार. साधी नाही, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार. दोनच सीट. अर्थात सेकंडहँड. जन्मभर ड्रायव्हिंग स्कूलच्या खटाऱ्यात बाजूच्या सीटवर बसून दुसऱ्यांच्या चुका सांभाळल्या. रिटायर झाल्यावर तरी स्टिअरिंग आपल्या हातात हवं.
हिला योग्य वेळ पाहून सांगेन.

४ मार्च
सांगितलं. वेळ योग्य नव्हती. म्हणाली, आधी डोळे दाखवून या, मग गाडीचं बघू.
माझ्या डोळ्यांना काय झालंय? औषधाच्या बाटलीवरची अक्षरं मी घडाघडा वाचतो. कपाटाच्या दारावर कपाळ आपटलं, पण ते दार उघडं कोणी ठेवलं होतं? पाण्याचा ग्लास सांडला, तो तिथे ठेवायची काय गरज होती? जिन्यात शेजारच्या बाईंना धक्का लागला, त्या मुळात चालतातच मधून. या घरात कुठलीच गोष्ट माझ्या अंगावर आल्याशिवाय राहत नाही.

७ मार्च
डॉक्टरांकडे जाऊन आलो. तरुण बाई आहेत. माझ्या दोन्ही बाजूंना बोटं हलवून विचारत होत्या, दिसतात का. मग अंधाऱ्या खोलीत मशीनवर तपासणी झाली. निदान काचबिंदू. कडेची नजर बरीच गेली आहे, गेलेली परत येत नाही, उरलेली सांभाळायची. रोज थेंब घालायचे, गाडी चालवणं बंद.
मी तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, हो, समोरचं तुम्हाला उत्तम दिसतं. झालं तर मग. गाडी समोरच जाते.
येताना ही माझा दंड धरून चालली. रस्त्यात, लोकांसमोर. लग्नाच्या वर्षीसुद्धा असं चालली नव्हती. बरं वाटलं.

१२ मार्च
गाडी सापडली! गडद निळी. मालकीण माझीच जुनी विद्यार्थिनी निघाली. गियर टाकताना डोळे मिटून घ्यायची. आता आर्किटेक्ट आहे. दिवस गेलेत, आणि दोन सीटांत तिघं मावत नाहीत, म्हणून विकतेय. फोनवर म्हणाली, सर, तुम्ही घेणार असाल तर मला आनंदच आहे.
हिला म्हटलं, फक्त बघायला जातोय.

१५ मार्च
तीन तास तपासली. अशा गाडीत इंजिन नंतर, टप आधी. कापडाच्या घड्या चिरल्यात का, मागची प्लास्टिकची काच पिवळी पडलीय का, दारावरचं रबर कडक झालंय का. टपाच्या कडेला पाणी वाहून जायची भोकं असतात. ती तुंबली की पाणी सीटखाली मुरतं, म्हणून मॅट उचलून खाली हात लावायचा आणि वास घ्यायचा. कुबट वास आला की सरळ घरी जायचं. इथे वास नाही. इंजिन थंड असताना सुरू करायला लावलं, धूर नाही. टप बटणावर सरसर मागे गेला.
डाव्या दाराची फट वरपेक्षा खाली किंचित जास्त आहे. कधीतरी ठोकलेली असणार. मी विचारल्यावर ती चाट पडली. म्हणाली, सर, हे मला इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं.
हे डॉक्टरीणबाईंना ऐकवायला हवं होतं.
(निघताना तिच्या दारातल्या कुंडीला पाय लागला. कुंडी फुटली. भरून देईन म्हटलं.)

२२ मार्च
ट्रायल. छप्पर उघडं, मी स्टिअरिंगवर, ती शेजारी. खड्ड्यावरून जाताना गाडीचा सांगाडा थरथरतो का ते बघायचं असतं, टप नसलेल्या गाडीत तो सैल पडतो. फारसा थरथरला नाही. गाडी लोण्यासारखी. मी सांगत होतो, ती ऐकत होती, अगदी पूर्वीसारखं.
चौकात डावीकडून एक सायकलवाली बाई आली. अचानक. हल्ली लोक कुठूनही उगवतात. शेजारून माझ्या विद्यार्थिनीने हँडब्रेक ओढला. गाडी थांबली. सायकल बंपरपासून हातभर लांब होती. बाई काहीतरी बोलून निघून गेली.
हँडब्रेक मीच ओढणार होतो.
परतताना ती म्हणाली, मी चालवते. एक हात स्टिअरिंगवर, एक पोटावर. तिचा गियर आता छान पडतो.

२३ मार्च
ती बाई चुकीच्या बाजूने आली असणार.

२४ मार्च
ती बरोबर बाजूने आली होती. चौक डोळ्यांसमोर आणून पाहिला. चौकाची रचना सदोष आहे. नगरपालिकेला पत्र लिहावं.
पत्र लिहिलं नाही.

२६ मार्च
विद्यार्थिनीचा फोन आला. आधी तब्येत विचारली, मग हिची विचारली. शेवटी म्हणाली, "सर, गाडी मी तुम्हाला विकणार नाही."
मी म्हटलं, किमतीचं बोलू.
"किमतीचं नाही, सर. ती बाई चौकाच्या टोकापासून येताना दिसत होती. मला वाटलं तुम्ही थांबताय. तुम्ही बोलत राहिलात."
मी म्हटलं, ठीक आहे, तसंही डाव्या दाराचं मला पटलं नव्हतं.
हिला सांगितलं, व्यवहार फिसकटला, गाडी ठोकलेली होती. ही म्हणाली, बरं. आणि थेंबांची बाटली पुढे केली.

२९ मार्च
दुपारी ही झोपली होती. खुर्चीत बसलो. समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर नजर ठेवली. तारखांखालची बारीक अक्षरंसुद्धा स्वच्छ. मग दोन्ही हात बाजूला पसरले आणि बोटं हलवली. हलताहेत हे कळत होतं. हात हळूहळू पुढे आणत गेलो. आणत गेलो. जवळजवळ नमस्कार व्हायची वेळ आली, तेव्हा बोटं दिसली.
खोलीत उजेड कमी होता.
खिडकी उघडून पुन्हा केलं.

३० मार्च
आज काही लिहायचं नाही.

४ एप्रिल
गाडी दुसऱ्या कुणी घेतली. देण्याआधी विद्यार्थिनी ती घेऊन आमच्या दारात आली. म्हणाली, सर, एक चक्कर. नाही म्हणणार होतो. हिने माझी चप्पल आणून समोर ठेवली.
बाजूच्या सीटवर बसलो. टप मागे गेला. ती आरशात बघत होती, चौकांत थांबत होती, मी काही शिकवलं नाही. गावाबाहेर पडलो. दोन्ही बाजूंनी वारा, पाखरांचे आवाज, कुठेतरी कापलेल्या गवताचा वास. डावीकडे मान वळवली की उजवीकडचं जायचं, उजवीकडे वळवली की डावीकडचं. मग वळवायचं सोडलं आणि समोर बघत राहिलो. समोर रस्त्याची एक पट्टी होती, अगदी लखलखीत. बाकी सगळं ऐकलं.
उतरताना तिने दार धरलं. मी म्हटलं, हँडब्रेक वेळेवर ओढलास. ती रडायला लागली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.
घरात आलो. हिने विचारलं, काय काय पाहिलंत?
म्हटलं, फारसं दिसलं नाही.
ही माझ्याशेजारी येऊन बसली. कोणत्या बाजूला ते मान वळवल्यावर कळलं.