तुझ्या नावाचा डबा

प्रिय मुनाहताई,

आपल्या गावची दार्सिनी परवा तिकडं तैवानला कामाला निघालीय, तिच्या पिशवीत हे पत्र घालून देतेय. फोन सगळा वेळ खोइरोनच्या हातात असतो. आणि तोंडानं सांगायला गेले असते तर मी रडत बसले असते नि तू म्हणाली असतीस, आधी नाक पूस. माझं लिहिणं कसं आहे ते तुला ठाऊकच आहे. सुतार्नीकाकूंनी मशिदीच्या ओट्यावर बसवून शिकवलं तेवढंच. चुकलं तर समजून घे.

बाबांचं घर अजून उभं आहे. म्हणजे आम्ही त्यात वाकून राहतो. तिसऱ्यांदा भर घालून जमीन उंच केली, त्यामुळं खिडकी आता गुडघ्याला लागते आणि तुझा मेहुणा खोइरोन दारातून बैलासारखा मान खाली घालून शिरतो. तू आलीस तर पहिल्यांदा डोकंच आपटशील. भरती रोज घरात येते, थेट चुलीपर्यंत. आईची कबर गेल्या वर्षी ओहोटीला तरी दिसायची. आता तेव्हाही दिसत नाही. तिथं मी एक बांबू रोवून ठेवलाय, तोही हलायला लागलाय.

सल्वाचा खोकला तू फोनवर ऐकलास तेव्हा मी म्हटलं होतं की सर्दी आहे. सर्दी नाही, ताई. तू गेलीस तेव्हा वीजकेंद्राची दोन्ही धुराडी लांब वाटायची, आता कोळशाचा ढीग खाडीपर्यंत आलाय. वाळत घातलेलं दुपटं झटकलं की काळी पूड उडते. दवाखान्यातली बाई म्हणाली, पोरीला धुळीपासून लांब ठेवा. मी म्हटलं, कुठं ठेवू, फडताळात? आणि खोइरोन तिथंच राख उपसायला जातो. त्याच राखेचं जेवतो आम्ही, मग बोलणार काय नि कुणाला.

मी काही शूर म्हणून त्या वीजकेंद्राशी भांडणाऱ्या बायकांच्यात गेले नाही. सुतार्नीकाकू आल्या, सल्वाच्या छातीला कान लावून बसल्या आणि म्हणाल्या, उद्या तिवराची रोपं लावायला ये, पोरीला पण घेऊन ये, चिखलात तरी धूळ नसते. तिथं त्यांनी मला समजावलं. ते कोळसा जाळतात, त्यानं समुद्र तापतो, तापला की फुगतो, आणि फुगला की आपल्या चुलीत शिरतो. आणि दिवे लागतात शहरात. मला एवढंच कळलं, पण एकदा कळल्यावर ते डोक्यातून जाईना. शेजारची तुमिराह कमरेएवढ्या चिखलात उभी राहून ओरडली, काकू, रोपं लावून समुद्र अडत असेल तर माझ्या सासूलाच इथं लावा, ती कुणालाच पुढं जाऊ देत नाही. किती हसलो आम्ही! वर्षभर लावली रोपं. मग कळलं की रोपं लावली तीच जागा त्यांना तिसऱ्या धुराड्याला आणि राख टाकायला हवीय. आम्ही वीजकेंद्राच्या फाटकासमोर चुली मांडून बसलो, नऊ दिवस. भात मी शिजवायचे. खोइरोन आत कामावर, मी बाहेर चुलीवर, आणि संध्याकाळी घरी येऊन दोघं एकाच ताटात जेवायचो. पण ताई, खरं सांगते, त्या नऊ दिवसांत मला कशाची भीती वाटली नाही.

नंतर त्यांनी ती प्रार्थना ठेवली. गावप्रमुखाच्या अंगणात, समुद्र शांत राहावा म्हणून. मंडप घातला, मौलवी बोलावले, पैसा वीजकेंद्राचा. सुतार्नीकाकू म्हणाल्या, कुणी जाऊ नका, आणि कुणी गेलं नाही. मी गेले. प्रार्थनेला नाही म्हणू नये असं आईनं शिकवलेलं, आणि खोइरोनला मुकादमानं बजावलं होतं की बायको दिसली पाहिजे. दाराशी एक पोरगी कागद घेऊन बसली होती. नाव, सही, आणि हातात जेवणाचा डबा. पिवळा भात, सोयाबीनच्या टेंपेचे तुकडे, अर्धी कोंबडी, एक अंडं. तुला आपली रीत ठाऊकच आहे. प्रार्थनेचं जेवण कुणी एकट्यानं नेतं का? जे आले नाहीत त्यांच्या वाटचं शेजारणीनं न्यायचं. आईनं आयुष्यभर नेलं. मी विचारलं, शेजारच्यांचे नेऊ का? पोरगी गोड हसली, म्हणाली, न्या की वहिनी, डब्यागणिक एक सही तेवढी करा. मला वाटलं, सुतार्नीकाकू रागावल्यात खऱ्या, पण भातावर काय राग? म्हणून मी त्यांची सही केली. तुमिराहची केली. आपल्या ओळीतल्या सगळ्यांची केली. डबे दोन पिशव्यांत भरून पाण्यातून घरोघर नेऊन दिले. काकूंनी डबा हातात घेतला आणि म्हणाल्या, चोराघरचा भात आहे, पण भाताचा काय दोष. आणि आपल्या नातवाला भरवला.

चार महिन्यांनी तोच कागद गावच्या बैठकीत आला. वर एक नवं पान टाचलेलं. त्यावर लिहिलेलं की खाली सही करणाऱ्यांना तिसरं धुराडं मान्य आहे आणि ते जागा सोडून जायला तयार आहेत. वीजकेंद्राच्या साहेबानं मोठ्यानं वाचलं, आणि सुतार्नीकाकूंच्या नावाशी थांबून म्हणाला, या बघा, तुमच्या पुढारीणबाई, तुम्हाला उन्हात बसवतात नि स्वतः गुपचूप सही देऊन येतात. काकू उठून म्हणाल्या, ही माझी सही नाही. तो म्हणाला, हो का, मग कुणाची? मागं बसलेली तुमिराह ओरडली, किती मिळाले हो काकू? आणि सगळी बैठक हसली. मी तिसऱ्या रांगेत होते. सल्वा मांडीवर झोपली होती. मला फक्त उठायचं होतं, ताई. पोर उठेल म्हणून मी हलले नाही, असं मी स्वतःला सांगत राहिले.

त्यानंतर कुणी रोपं लावायला येत नाही. बायका एकमेकींच्या दारात जात नाहीत. जिला तिला वाटतं, आपली सही दुसरीनंच विकली. डब्याचं कुणाच्या ध्यानातही नाही. अंड्याभाताचा नि धुराड्याचा संबंध कोण लावणार? गेल्या महिन्यात खाडीकडची रोपं त्यांनी यंत्रानं उपटली, एका सकाळीत. काकू एकट्याच वाटेत उभ्या राहिल्या, पोलिसांनी त्यांना हाताला धरून बाजूला केलं. मी कुडाच्या फटीतून बघत होते. ज्या बाईनं मला माझं नाव लिहायला शिकवलं, तिचं नाव मी असं घालवलं.

धुराड्याविरुद्ध काकूंनी लावलेला खटला आता शेवटाला आलाय. शहरातून एक वकीलबाई येतात, चपला हातात घेऊन पाण्यातून चालत. मागच्या आठवड्यात काकूंच्या घरी बसून त्यांनी सांगितलं की सगळं त्या कागदावर अडलंय. आम्ही नव्हतो तिथं, असं गावातल्या बायका म्हणणार, पण शाबित कसं करणार? एक जरी सही खोटी ठरली तरी कागदावरचा भरवसा जातो. कुणी दवाखान्यात होतं का त्या दिवशी, कुणी परगावी? आणि खोटी सही करणाऱ्याला आत टाकतात का, असं मी हळूच विचारलं, तर म्हणाल्या, टाकू शकतात. काकूंनी तो कागद पुढं ओढला आणि बोट फिरवत खाली आल्या. माझ्या नावाशी थांबल्या. मग सगळ्यांत खालच्या नावाशी. खूप वेळ बघत होत्या. माझं अक्षर त्यांच्याच हाताखालचं, त्या ओळखणार नाहीत तर कोण? त्यांनी वर बघितलं, आणि वकीलबाईंना काही सांगितलं नाही. मला म्हणाल्या, भात निवतोय, खाऊन घे.

ते खालचं नाव तुझं आहे, ताई. सगळ्यांचे डबे घेऊन झाले होते, आणि मनात आलं, तुझ्या नावाचा एक घेतला तर सल्वाला दोन अंडी होतील. ताई लांब आहे, पण घरचीच आहे, असं म्हणून मी तुझी सही केली. तेवढ्या एका अंड्यासाठी.

तू चार वर्षं तिकडं आहेस. तुझ्या पासपोर्टवर गेल्याचा शिक्का आहे आणि परत आल्याचा नाही. अख्ख्या कागदात ती एकच सही अशी आहे की जी खोटी म्हणून दाखवता येते. दाखवली की विचारतील, मग कुणी केली, आणि तेव्हा मला उठावं लागेल. खोइरोनचं काम जाईल. माझं काय होईल ते मला माहीत नाही. आणि ताई, जिंकलो तरी पाणी काही मागं जाणार नाही. आईची कबर वर येणार नाही. उपटलेली रोपं उपटलेलीच. काकूंचं नाव तेवढं धुतलं जाईल. मला आत टाकलं तर सल्वाला तू बघ. तिला रात्री उशाशी वाटीत कोमट पाणी लागतं, खोकल्याची उबळ आली की दोन घोट द्यायचे. पासपोर्टच्या त्या पानाचा फोटो काढ आणि वकीलबाईंना पाठव, नंबर या कागदाच्या मागं लिहिलाय, दोनदा तपासून लिहिलाय. मला पाठवू नकोस. माझ्याकडं आला तर मी तो पुसून टाकीन.

तुझीच, तुझ्या नावाचं खाऊन बसलेली,
रोहानाह