एक्कावन्न बैठका आन कुस्तीची मॅट

३ फेब्रुवारी, मंगळवार

सगळ्यात आधी मनकर्णाच आली. मीटिंग पाचची, ही चारलाच माज्या दारात. म्हनली, गुडघं दुखत्यात, म्हनून लवकर निघाले. घर समोर हाय तिचं. चहाला आली, दुसरं काय.

मीटिंग वैजनाथच्या जिममधी. वैजनाथ माजा पुतन्या. त्या शेडात आधी कोंबड्या हुत्या, आता लोखंड हाय. वास जुनाच. माजी नात संस्कृती आन आनखी सहा पोरी तिथं मागच्या मातीत कुस्ती शिकत्यात. पन स्पर्धा असती मॅटवर. गेल्या साली पहिल्याच कुस्तीत पाय घसरला, पोरगी दोन दिवस जेवली न्हाई. नगरच्या एका तालमीला जुनी मॅट इकायचीय. बुधवारपर्यंत, २५ तारखेपर्यंत आपल्यासाठी ठिवनार, मंग दुसऱ्याला देनार.

म्हनून रविवारी २२ ला फिटनेसचा कार्यक्रम. गावानं यायचं, बैठका मारायच्या, दर बैठकेला एक रुपया पेटीत टाकायचा. वर कुनाला जास्त द्यावं वाटलं तर द्यावं. वैजनाथ म्हनला, जिजी, तुमी निस्ता आशीर्वाद द्या. मी म्हनलं, निमंत्रन माज्याकडं. चार लग्नं काढलीत मी. संस्कृती वैजनाथकडं बघाय लागली. आनंदानं असनार.

ही वही तिनंच दिली, रोजच्या बैठका लिहायला. मी ५१ मारनार हाय. सगळ्यांसमोर.

५ फेब्रुवारी, सकाळ

बैठका ४. त्यातल्या दोन खाटेवर बसून उठले त्या. बसनं झालं, उठनं झालं, म्हंजी बैठकच. आजपासून साखर बंद. चहात गूळ.

५ फेब्रुवारी, दुपार

गूळ संपला. साखर.

९ फेब्रुवारी

एस्टीनं खर्डा गावाला छापखान्यात गेले. हनुमंत छापखानेवाल्यानं एक लग्नाची पत्रिका काढली, नवरा-नवरीची नावं खोडली, तिथं 'फिटनेस व मॅट' टाकलं. गनपती तसाच ठिवला. मंग इचारतोय, जिजी, खाली 'कृपया आहेर आणू नये, आपली उपस्थिती हाच आहेर' हाय, ते काढू का?

मी म्हनलं, काढतो कसा, लोक हावरी म्हनतील मला. चारी लग्नात छापलं हुतं, तरी लोकांनी आनलंच. भिंतीवरची अठरा घड्याळं अजून पडलीत माज्याकडं. आपुन छापायचं, लोकांनी आनायचं, अशी रीतच हाय. हनुमंतचं अजून लगीन न्हाई, त्याला काय ठावं.

संस्कृती म्हनली, छापायच्या आधी मला दाखव. मी म्हनलं, सरप्राईज.

१२ फेब्रुवारी

बैठका ०. दारोदार पत्रिका आन अक्षता वाटल्या. चालनं धरलं तर तीस बैठका तरी व्हत्यात. मनकर्णानं चष्मा लावून पत्रिका दोनदा वाचली. म्हनली, बाई, लई मोठं मन तुजं. मी म्हनलं, पहिल्यापासनंच.

१५ फेब्रुवारी, महाशिवरात्र

उपास. उपासाला बैठका मारत न्हाईत. संस्कृती म्हनली, असं कुठं लिहिलंय. मी म्हनलं, ह्या वहीत. साबुदाना दोनदा खाल्ला, थोडा थोडा.

१८ फेब्रुवारी

वैजनाथचं म्हननं, लोकांना पानी आन केळी देऊ. केळ्यावर बोळवन करायची व्हय गावाची? बुंदी सांगितली, आमटी, भात. पोटात पडलं की हात सैल सुटतो मानसाचा. बैठका ६. गुडघा काहीतरी बोलला, मी लक्ष दिलं न्हाई.

२१ फेब्रुवारी

बैठका १. उद्या ५१ आपसूक व्हतील. गर्दी बघितली की अंगात येतं माज्या.

२२ फेब्रुवारी, दुपार

अडीचशे मानूस. लग्नाला येवढं आलं न्हवतं. वैजनाथ म्हनला आधी बैठका, पन बुंदी गरम हुती, म्हनून आधी पंगत बसवली. मंग कुनाला वाकताच येईना. मनकर्णानं मातर बावीस मारल्या. हिचंच गुडघं दुखत्यात बरं का.

माज्या सात झाल्या. आठवीला खाली गेले ती वैजनाथनं वर काढलं. टाळ्या ५१ च्याच पडल्या.

पेटीपाशी समदे हात जोडून जात हुते. बघून डोळं भरलं.

२२ फेब्रुवारी, दिवेलागन

पेटी उघडली. अक्षता निघाल्या. ओंजळभर. आन सात रुपये, ते माजेच.

वैजनाथनं पेटी उलटी करून हापटली. संस्कृतीनं पत्रिका मागितली. मोठ्यानं वाचली. शेवटची ओळ दोनदा वाचली. मंग पत्रिका घडी घालून माज्या हातात दिली आन घरी निघून गेली.

चार लग्नात ती ओळ एकानं ऐकली न्हाई. आज आख्ख्या गावानं ऐकली.

२३ फेब्रुवारी

घरोघर गेले, म्हनलं बुधवारच्या आत मॅटीचं पैसं पायजेत. मनकर्णा म्हनली, तूच नको म्हनलीस, आमी तुजा शब्द ठिवला. बाकीचे म्हनले, देतो की, जिजी, पळून चाललोय का. बुंदी झकास हुती म्हनले. ते खरं हाय.

संस्कृती बोलत न्हाई. भाकरी अर्धीच खाल्ली.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळीच संस्कृतीनं माज्या खाटेवरच्या दोन्ही गोधड्या उचलल्या. बाकीच्या पोरींनी आपापल्या आज्यांच्या आनल्या. जिममधी कोब्यावर एकीवर एक पसरल्या, आन दाभन-सुतळी माज्या हातात दिली. कडा मी शिवल्या. दिवसभर खाली बस, वर उठ, खाली बस. ५१ च्या वर गेल्या असत्याल, पन कुनी मोजल्या न्हाईत, मी पन न्हाई.

संस्कृती येवढंच म्हनली, जिजी, टाकं घट्ट घाल, पाय घसरला न्हाई पायजे. बोलली पन.

घरी येताना मनकर्णा आन गल्लीतल्या बाया वाटंत उभ्या हुत्या. म्हनल्या, आमचं ठरलंय, समद्याजनी मॅटीचं पैसं घेऊन तुज्याकडं येतो, शब्द हाय आमचा.

मी म्हनलं, कवा?

म्हनल्या, गुरुवारी.